पंपानं तोंड येतं म्हणून पंप सोडू नका

कापसाची वेचणी सुरू झाली की सेलूतल्या माझ्या मेडिकलवर दम्याचा पंप मागणारे वाढतात. बरेच जण निळाच मागतात. "दुसरा नको भाऊ, त्यानं तोंड येतंय, आन् सवय बी लागती म्हणे." सवय लागत नाही. तोंड मात्र येतं, पण ते टाळता येतं.

निळ्यातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळ्या मोकळ्या करतं, आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो बुडेसोनाइडसारखा स्टेरॉइडचा पंप. म्हणून डॉक्टरांनी रोज सांगितला असेल तर बरं वाटत असलं तरी तो घ्यायचाच. त्याचं थोडं औषध घशाला चिकटतं, मग पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. त्यासाठी पंप झाल्या झाल्या चूळ भरा, मान मागं टाकून गुळण्या करा आणि पाणी थुंकून टाका, गिळू नका. मी काउंटरवर पाण्याचा तांब्या ठेवतो आणि नवा पंप नेणाऱ्याकडून तिथंच हे करून घेतो. घशातून गुळगुळ आवाज आला पाहिजे, नुसतं ओठ ओले करून भागत नाही. दात घासायच्या आधी पंप घेतला तर विसर पडत नाही. स्प्रेच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधे बसवायची पोकळ नळी, लावला की घशात आणखी कमी बसतं.

मशीनमध्ये टाकून ओढायची कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारेही भेटतात. ती पोटात जाऊन उपयोग नाही.

निळ्यानं हात थरथरतात, छातीत धडधडतं; बहुधा थोड्या वेळात थांबतं. पण तो आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना भेटा. निळा घेऊनही उतार नाही, एक वाक्य सलग बोलवत नाही, ओठ निळसर दिसतात, अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.

दम्यासाठी रात्री मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल तर घरच्यांनी लक्ष ठेवा. लेकरू झोपेत दचकायला लागलं, चिडचिड वाढली, मोठं माणूस उदास राहू लागलं किंवा जिवाचं बरंवाईट बोलू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये या गोळीवर याचसाठी सर्वात कडक इशारा छापायला लावला.

वेचणीनं कंबर धरली की लोक दुखण्याची गोळी मागतात. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकनं काही दमेकऱ्यांचा दम उसळतो. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीही तसं होतं. त्यामुळे कुठलंही औषध घेताना आधी "मला दमा आहे" एवढं सांगा, आणि डॉक्टरकडे जाताना डोळ्यांच्या थेंबांसकट सगळी औषधं पिशवीत घालून न्या.