परदेशात विमानतळावरची गाडी आणि ड्रायव्हरची टीप: या चुका टाळा

परदेशी विमानतळावर उतरल्यावर ठरवलेली गाडी दिसली नाही, की आपला पहिला राग ड्रायव्हरवर निघतो. पण अशी प्रकरणं नीट पाहिली तर गडबड बहुतेक वेळा आधीच, घरी बसून केलेल्या बुकिंगमध्ये झालेली असते. तारीख एका दिवसाने चुकलेली असते, टर्मिनल भलतंच असतं, फ्लाइट नंबर दुसऱ्याच विमानाचा असतो. ड्रायव्हर त्याला मिळालेल्या माहितीप्रमाणे वेळेवर येऊन, तासभर थांबून निघून गेलेला असतो. सोबत लहान मूल असेल किंवा आई-वडील पहिल्यांदाच परदेशी निघाले असतील, तर रात्री दोन वाजता अनोळखी शहरात हा घोळ निस्तरणं फार जड जातं. म्हणून भाड्यात शंभर-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा बुकिंगच्या तारीख, टर्मिनल, फ्लाइट नंबर आणि नाव या चार रकान्यांवर जास्त वेळ घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

रात्रीच्या विमानाची तारीख

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मुंबईहून बरीचशी आंतरराष्ट्रीय विमानं रात्री उशिरा किंवा मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि घरात आपण सगळे म्हणत असतो, "चार तारखेच्या रात्रीचं विमान आहे." प्रत्यक्षात विमान 12.50 ला सुटतं आणि तिकिटावर तारीख 5 असते. डोक्यात मात्र चारच बसलेली असते आणि गाडीच्या बुकिंगमध्येही तीच उतरते.

दुबईचं उदाहरण घ्या. 14 तारखेला रात्री साडेदहाला मुंबईहून विमान निघालं, तर साधारण सव्वातीन तासांचा प्रवास आणि दीड तास मागे असलेलं तिथलं घड्याळ धरून तुम्ही सव्वाबाराच्या सुमारास उतरता. तेव्हा तारीख 15 झालेली असते. बुकिंगमध्ये 14 तारीख आणि 00:15 अशी वेळ टाकली असेल, तर गाडी आदल्या रात्रीच येऊन गेलेली असते. प्रवासी आलाच नाही अशी नोंद होते आणि पैसे बुडतात. बँकॉकचंही तसंच, रात्री साडेअकराला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचतं. अमेरिकेच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. 5 तारखेला मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटलेलं थेट विमान न्यूयॉर्कला 5 तारखेलाच सकाळी उतरतं. पंधरा-सोळा तासांचा प्रवास म्हणजे सहा तारीख उजाडणार, असा अंदाज बांधला की फसलात.

उपाय सोपा आहे. मनात कसलाही हिशेब करू नका. तिकिटावर पोहोचण्याची जी तारीख आणि वेळ छापलेली असते ती तिथलीच स्थानिक असते, ती जशीच्या तशी उतरवा. वेळ 24 तासांच्या पद्धतीने लिहा. अमेरिकन संकेतस्थळांवर महिना आधी येतो, 05/06 म्हणजे 6 मे. जिथे शक्य असेल तिथे महिना अक्षरांतच निवडा.

विमानतळ कोणता, टर्मिनल कोणतं

बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत, आणि त्यांच्यात रस्त्याने 40-45 किलोमीटरचं अंतर आहे. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर बॉस्फोरस सामुद्रधुनीच्या दोन बाजूंना, एक युरोपात आणि सबिहा गोक्चेन आशियात. टोकियोचं हानेदा शहरातच आहे, नारिता मात्र साठेक किलोमीटर दूर. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन. शहराचं नाव टाइप केलं की यादीत सगळ्यात वर येईल तो विमानतळ घाईत निवडला जातो. दुबईत विमानतळ बरोबर असूनही टर्मिनल चुकतं. टर्मिनल 2 हे 1 आणि 3 यांच्या पलीकडे, धावपट्ट्यांच्या दुसऱ्या बाजूला आहे, गाडीला मोठा वळसा घालून यावं लागतं.

मध्ये विमान बदलायचं असेल तर फ्लाइट नंबर शेवटच्या टप्प्याचा द्या. मुंबई-दोहा-लंडन प्रवासात ड्रायव्हरला दोहाहून लंडनला येणारं विमान हवं असतं. मुंबई-दोहाचा नंबर दिला असेल तर ते विमान दोहाला वेळेवर उतरलेलं त्याला दिसतं, आणि पुढच्या विमानाला झालेला उशीर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पाटीवरचं नाव

महाराष्ट्रातल्या बऱ्याच पासपोर्टांवर नावाच्या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. बुकिंगमध्ये ते तसंच भरलं तर ड्रायव्हरच्या हातातल्या पाटीवर कधी नुसतं मधलंच नाव येतं, आणि बाई आपल्या नावाची पाटी शोधत पुढे निघून जातात. उलट नुसतं "पाटील" लिहिलं, तर मुंबईहून आलेल्या विमानात दोन-तीन पाटील कुटुंबं सहज असतात. पाटीवर पहिलं नाव आणि आडनाव हवं, असं बुकिंगच्या शेरा लिहिण्याच्या जागेत स्पष्ट लिहा.

मुलगा किंवा मुलगी तिकडून आई-वडिलांसाठी गाडी बुक करते, तेव्हा पाटीवर बुक करणाऱ्याचं नाव लागतं. पैसे कुणीही भरावेत, प्रवासी म्हणून नाव आणि फोन नंबर मात्र गाडीत बसणाऱ्याचाच द्यावा.

फोन नंबर +91 सकट लिहा, पुढे शून्य लावू नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाहीत, संदेश मात्र जातात. तिथे कॉल लागला नाही म्हणून घाबरून जाऊ नका, टाइप करा. विमानतळाच्या वायफायवर विसंबू नका, काही ठिकाणी त्यालाही ओटीपी लागतो. निदान एका फोनवर रोमिंग किंवा ई-सिम सुरू असू द्या. बुकिंगचा कागद छापून ज्येष्ठांच्या हातात द्या, त्यावर ड्रायव्हरला भेटायची जागा मोठ्या अक्षरांत लिहा.

मोफत थांबण्याचा वेळ

आंतरराष्ट्रीय विमानासाठी गाडी साधारण 45 ते 60 मिनिटं मोफत थांबते. ही मिनिटं बऱ्याचदा विमान जमिनीला टेकल्यापासून मोजतात, तुम्ही बाहेर आल्यापासून नाही. बालीला व्हिसा तिथेच घ्यायचा असेल, न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग लांब असेल, तर तास कसा गेला कळत नाही. व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशांना विमानातून सहसा शेवटी उतरवतात, हेही धरा. थांबण्याचा वेळ वाढवून घ्यायची सोय असेल तर ज्येष्ठांसाठी ती नक्की घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

माणसं मोजली, बॅगा राहिल्या

अमेरिकेला निघालेल्या चौघांकडे 23 किलोच्या दोन-दोन अशा आठ मोठ्या बॅगा असू शकतात, शिवाय हातातलं सामान. चार जणांची म्हणून साधी सेडान बुक केली तर बॅगा मावत नाहीत आणि मोठ्या गाडीचे पैसे तिथेच वेगळे मोजावे लागतात. गाडी बॅगांच्या संख्येवरून निवडा.

लहान मुलांच्या सीटचंही आधीच पाहा. सिंगापूरमध्ये 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल खासगी भाड्याच्या गाडीत बसवायचं तर योग्य सीट लागते, मीटरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. सीट न मागता गाडी बोलावली तर ड्रायव्हर नकार देतो, आणि त्याचं बरोबर असतं.

ड्रायव्हर दिसत नाही, आता काय?

आधी थांबा आणि कागद वाचा. भेटण्याची जागा बहुतेक वेळा दारापाशी नसते. एखाद्या क्रमांकाचं गेट, माहिती कक्ष, वरच्या मजल्यावरची पार्किंगची जागा, असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथे पोहोचून फोटो काढा आणि तो ड्रायव्हरला व कंपनीच्या मदत क्रमांकाला, दोघांनाही पाठवा. पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर तुम्ही तिथे अमुक वाजता हजर होतात, याचा पुरावाही होतो.

याच वेळी कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, तुमची गाडी रद्द झाली, मीच तुम्हाला घेऊन जातो. अशा माणसाला आपलं नाव किंवा हॉटेल सांगू नका. त्यालाच विचारा, "माझं नाव काय?" बुकिंगचा खरा ड्रायव्हर नाव सांगतो, गाडीचा नंबरही जुळतो. जुळत नसेल तर "नो, थँक यू" म्हणा आणि चालू लागा. लंडनमध्ये रस्त्यावर हात दाखवून फक्त काळी टॅक्सी थांबवता येते. आधी बुक न करता मिनीकॅबमध्ये, म्हणजे खासगी भाड्याच्या गाडीत, प्रवासी बसवणं तिथे बेकायदा आहे. जपानमध्ये परवानाधारक प्रवासी गाड्यांना हिरव्या नंबरप्लेट असतात, पांढरी प्लेट लावून भाडं घेणारी गाडी बहुतेक वेळा विनापरवाना. तुमच्या बुकिंगची गाडी पांढऱ्या प्लेटची आली, तर बसायच्या आधी कंपनीला जाब विचारा.

अर्ध्या तासात कंपनीकडून काहीच उत्तर आलं नाही, तर अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. सुवर्णभूमीवर तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी मिळते, टॅक्सी मीटरने जाते, वर विमानतळाचा अधिभार आणि द्रुतगती मार्गाचा टोल. पॅरिसमध्ये विमानतळ ते शहर असं टॅक्सीचं ठरावीक भाडं 2016 पासून आहे, तिथे फसायची भीती कमी. पावती जपून ठेवा.

टीप किती, कुठे, कशी

इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे कुठेच काही द्यायचं नाही, आणि दुसरं म्हणजे जगभर सरसकट दहा टक्के. दोन्ही चूक.

जपानमध्ये टीप द्यायची पद्धत नाही. दिलेले जास्तीचे पैसे ड्रायव्हर परत करतो, त्याला संकोचात टाकू नका. सिंगापूरमध्येही अपेक्षा नसते. दुबईत सक्ती नाही, पण रात्री बॅगा उचलून देणाऱ्याला पाच-दहा दिरहॅम देणं योग्य. आखातात गाड्या चालवणारे कितीतरी जण भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेले असतात, घर दूर ठेवून रात्रपाळी करतात. तिथे हात आखडता घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. थायलंडमध्ये मीटरचे पैसे वरच्या आकड्यापर्यंत नेतात, खासगी गाडीवाल्याने सामानाला मदत केली तर 50-100 बाथ पुरेसे. ब्रिटनमध्ये टॅक्सीला साधारण दहा टक्के किंवा वरचा पूर्ण आकडा. अमेरिकेत मात्र खासगी गाडीला 15 ते 20 टक्के धरूनच चालतात. तिथे द्यायच्या आधी बिल नीट वाचा. "ग्रॅच्युइटी" अशी ओळ असेल तर टीप आधीच कापलेली आहे, पुन्हा द्यायची गरज नाही.

टीप स्थानिक चलनात आणि नोटेत द्या. उरलेली दुसऱ्या देशाची नाणी ड्रायव्हरच्या हातावर ठेवणं म्हणजे त्याला काहीच न देणं, कारण ती नाणी त्याला कुठेच बदलून मिळत नाहीत. भारतातून चलन घेताना शंभर डॉलरच्या नोटा निमूट घेऊ नका, एक, पाच आणि दहाच्या मागून घ्या.

व्हिएतनाममध्ये तर नोट दोनदा पाहा. 20 हजार डाँग आणि 5 लाख डाँग, दोन्ही नोटा निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. रात्री गाडीतल्या मंद दिव्यात 20 हजारांच्या जागी 5 लाखांची नोट हातात जाते, म्हणजे पंचवीसपट. उतरण्याआधी हॉटेलच्या दारातल्या उजेडात शून्यं मोजा आणि टीपेच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

परतीची गाडी

परतीचा ड्रायव्हर आणि त्याचा नंबर बहुधा वेगळा असतो, आदल्या संध्याकाळी संदेश पाठवून खात्री करा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाभराने पुढे-मागे होतात. अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या दिवशी पहाटे निघायचं असेल तर भिंतीवरच्या किंवा हातातल्या घड्याळावर जाऊ नका, फोनवरची स्थानिक वेळ पाहून गजर लावा आणि हॉटेलच्या स्वागतकक्षालाही उठवायला सांगून ठेवा.