तापातून उठल्या उठल्या लिपिड प्रोफाइल करू नका

सुई टोचण्याआधी मी प्रत्येकाला विचारते: गेल्या महिन्याभरात ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन असं काही झालं का? उत्तर 'हो' असेल आणि डॉक्टरांनी मुद्दाम आत्ताच सांगितली नसेल, तर लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी) काही आठवड्यांनी करा. जंतुसंसर्गात एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) दोन्ही घसरतात, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते. अशा वेळचं कमी एलडीएल बघून खूश होण्यात अर्थ नाही. (हार्ट अटॅकमध्ये मात्र शक्यतो पहिल्या २४ तासांतच रक्त घेतात, नंतर आकडे खाली जातात.)

एचडीएल नुसतं कोलेस्टेरॉल वाहत नाही, जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष धरून त्याचा जोरही मोडतं. पण दाह (शरीरातली सूज, इन्फ्लमेशन) वाढला की यकृत सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन भरमसाट बनवतं. ते एचडीएलच्या कणावर चढतं आणि तिथल्या एपोए-१ या मुख्य प्रथिनाला हटवतं. मग त्या कणाची दाह शमवायची ताकद उतरते, आणि रिपोर्टमध्ये हे कुठेच दिसत नाही. म्हणून 'माझं एचडीएल ७० आहे, मला काय होतंय' हे मला पटत नाही. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, तरी मृत्यू वाढले म्हणून २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली.

एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांना गिळून फुगतात. आत साठलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात, त्यांनी चिथावलेल्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा रासायनिक निरोप सोडतात, त्यातून तसाच दुसरा, इंटरल्यूकिन-६, आणि मग यकृतातून सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन. कँटोस चाचणीत (२०१७) कॅनाकिनुमॅब या औषधाने फक्त इंटरल्यूकिन-१ बीटा अडवलं. एलडीएल होतं तिथेच राहिलं, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र वाढले; प्रतिकारशक्तीचा हात धरून ठेवल्याची ती किंमत.

रिपोर्ट आला की एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उरलेला आकडा हृदयाच्या धोक्याबद्दल एकट्या एलडीएलपेक्षा जास्त सांगतो. सोबत एचएस-सीआरपी (सीआरपीची बारकाईने मोजणी) केली असेल तर १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत उत्तम, ३ च्या पुढे धोका जास्त. १० च्या वर गेली तर आधी कुठे संसर्ग आहे का ते शोधा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा.

आमवात असलेल्यांनी एक नक्की लक्षात ठेवा. औषधांनी सांधे सुधारतात तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसू शकतं, कारण आधी दाहानेच ते दाबून ठेवलेलं असतं. आधीचा आणि आताचा, दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा; आमवाताची औषधं आपल्या मनाने बंद करू नका.