चारचौघांत आजाराबद्दल बोलायचं असेल तर

शौचातून पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हा मी ४१ वर्षांची होते. कर्करोग आतड्यालाही होतो हे मला ठाऊक होतं. तरी नऊ महिने मी ते मूळव्याधीवर ढकललं. मधे एकदा डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "पोटाचा जरा त्रास आहे." त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. खोलीत आणखी दोघं बसले होते, म्हणून रक्ताचा शब्द मी काढलाच नव्हता. पुढे निदान झालं ते तिसऱ्या टप्प्यात. शस्त्रक्रिया, सात महिने शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी, केमोच्या बारा फेऱ्या.

गेली सात वर्षं मी लोकांपुढे उभी राहून या आजाराबद्दल बोलते. माझ्याकडे माहिती होती, पण डॉक्टरांपुढे बसल्यावर उच्चारायचं वाक्य नव्हतं. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या तोंडी बसावं एवढ्यासाठी मी बोलते. नव्याने बोलायला निघालेल्यांना जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी एक काम ठरवा

"जागरूकता वाढवायची आहे" असं म्हणून सुरुवात करू नका. सभा संपल्यावर समोरच्या माणसाने नेमकं काय करावं, ते एका ओळीत लिहा. "पन्नाशीच्या माणसाने डॉक्टरांना शौचातल्या रक्ताच्या तपासणीबद्दल विचारावं." "वरिष्ठाने मधुमेही कर्मचाऱ्याला जेवणाची वेळ पाळू द्यावी." ओळ लिहिता येत नसेल तर भाषणाची तारीख पुढे ढकला.

मला हे शार्लट हेली यांच्या गोष्टीतून पटलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या या वयस्क बाई घरी बसून फिकट केशरी फिती करत. त्यांच्या घरात स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता. प्रत्येक पाच फितींसोबत त्या एक कार्ड देत. त्यावर लिहिलेलं असे की राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक १.८ अब्ज डॉलर आहे, त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर जातात, आणि लोकप्रतिनिधींना जागं करायला ही फीत लावा. १९९२ साली एका मासिकाने आणि एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. हे फार व्यापारी आहे म्हणून त्यांनी नकार दिला. मग रंग बदलून गुलाबी केला गेला. स्तनाच्या कर्करोगाची खूण म्हणून गुलाबी फीत जगभर पोचली, पण कार्डावरचा मजकूर तिच्यासोबत गेला नाही. मला फितीचा राग नाही, माझ्याही पर्सला होती. पण मी नऊ महिने गप्प बसले तेव्हाही ती तिथेच होती.

आपली गोष्ट कशी सांगावी

पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. लिहून काढा, मोठ्याने वाचा, घड्याळ लावा. माझं पहिलं भाषण २५ मिनिटांचं झालं. केमोच्या चौथ्या फेरीशी आल्यावर मला रडू आलं, मला धरून खुर्चीवर बसवलं, नंतर सगळे पाठीवर हात ठेवून गेले. तपासणीबद्दल एकानेही विचारलं नाही. लोक माझी काळजी घेऊन घरी गेले, त्यांच्या स्वतःच्या काळजीचं काही झालं नाही. तेव्हापासून एक नियम केला आहे: जो प्रसंग सांगताना आजही माझा आवाज बसतो, तो मी जवळच्या माणसापाशी सांगते, सभेत नाही.

उपचार संपून वर्षही झालं नसेल तर थोडं थांबा, असं मी म्हणेन. थांबवत नसेल तर आधी ओळखीच्या दोन-तीन जणांसमोर बोलून पाहा. रात्री झोप लागली का, ते बघा.

घरच्यांची गोष्ट घरच्यांची असते. माझ्या आजारपणात मुलगा नापास झाला होता, ते मी त्याला न विचारता एका सभेत सांगितलं. त्याच्या मित्राची आई तिथे होती. त्याची माफी मागावी लागली आणि ती मागायलाच हवी होती. आता ज्याचा उल्लेख असेल त्याला मजकूर आधी वाचून दाखवते.

तपशील निवडताना अवघड वाटणारे शब्द गाळू नका. उलट तेच ठेवा. रक्त, संडास, स्तनाग्र, योनी, लघवीवरचा ताबा सुटणं, हे शब्द आरशासमोर दहादा म्हणा. तुम्ही अडखळलात तर ऐकणाराही डॉक्टरांकडे अडखळतो. केटी कुरिक या अमेरिकन निवेदिकेचे पती १९९८ साली, ४२ व्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने गेले. मार्च २००० मध्ये तिने स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून घेतली आणि ती दूरचित्रवाणीवर दाखवली. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यानंतर कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. ज्या तपासणीचं नावही लोक हळू आवाजात घेत, ती तिने सकाळच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर ठेवली. तुमच्याकडे कॅमेरा नसेल, पण "आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, तेच सगळ्यात कंटाळवाणं, तपासणीच्या वेळी मला गुंगी दिली होती" एवढं सांगायला काही लागत नाही.

तथ्यं तपासा, आणि आवडती वाक्यंही तपासा

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झाली आहे. पहिली दोन वर्षं मी बायकांना ठासून सांगायचे, "महिन्यातून एकदा स्वतःचे स्तन ठरलेल्या पद्धतीने तपासा, जीव वाचेल." एका सभेनंतर एक डॉक्टर बाई थांबल्या. त्यांनी शांतपणे शांघायचा अभ्यास सांगितला. तिथल्या कापड गिरण्यांमधल्या सुमारे २,६६,००० बायका त्यात होत्या. अर्ध्याजणींना स्वतपासणी नीट शिकवली, सराव करून घेतला, आठवण करून दिली. २००२ साली निकाल आला. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच, शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र जास्त. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. किती जणींना मी नुसती भीती दिली असेल!

आता मी म्हणते: आपलं शरीर एरवी कसं असतं ते ओळखून राहा, नवा बदल दिसला की तो जाण्याची महिनोन्महिने वाट पाहू नका, आणि तुमच्या वयाला कोणती तपासणी लागू आहे ते डॉक्टरांना विचारा. वाक्य लांबलं, जोर थोडा गेला, पण ते खरं आहे.

"जितक्या तपासण्या तितकं चांगलं" हेही असंच एक आवडतं वाक्य. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोगाचं राष्ट्रीय स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणं नसलेल्यांचीही तपासणी, सुरू झालं. थायरॉइड त्यात नव्हता, पण थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेता येत होती आणि लाखो लोकांनी ती केली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यात कधी त्रास दिला नसता त्यासाठी असंख्य लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, पुढे जन्मभराच्या गोळ्या.

म्हणून तपासणीचं नाव घेण्याआधी विचारा: या तपासणीमुळे मृत्यू कमी होतात असं दिसलं आहे का, आणि कोणत्या वयात? आतड्याच्या बाबतीत उत्तर चांगलं आहे. आतड्याच्या आत वाढणाऱ्या साध्या कोंबापासून (पॉलिप) कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. तो कोंब कोलोनोस्कोपीतच काढता येतो, म्हणजे आजार व्हायच्या आधीच थांबतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं तर आणखी स्पष्ट आहे. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. ते दाखवून देणारे हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूवर लस आहे आणि त्याची तपासणीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी तीन आकडे ठेवले आहेत: ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायकांची ३५ आणि ४५ व्या वर्षापर्यंत एकेकदा चांगल्या दर्जाची तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के बायकांवर उपचार. सभेत ९०-७०-९० एवढंच फळ्यावर लिहा, लोक ते लक्षात ठेवतात.

"झुंज" हा शब्द मी सोडला आहे. "कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी ठरली" असं आपण किती सहज लिहितो. माझ्यासोबत केमो घेणारी माझी मैत्रीण माझ्याहून कणखर होती. तिचा आजार यकृतात पसरला होता, माझा नव्हता. "मी जिंकले" म्हणताना तिच्याबद्दल मी काय म्हणते आहे? प्रत्येक सभेत असा कोणीतरी असतो, ज्याच्या घरचं माणूस गेलेलं असतं. त्याच्याकडे बघून बोला. "सकारात्मक राहिले म्हणून वाचले" हेही बोलू नका. मी वाचले ती शस्त्रक्रियेने, औषधांनी, आणि आजार आणखी पुढे गेला नव्हता म्हणून.

न संपणाऱ्या आजारांबद्दल

मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे आजार यांच्याबद्दल बोलणाऱ्यांचं काम माझ्याहून अवघड आहे. लोकांना शेवट हवा असतो आणि इथे तो नसतो. माझ्यासोबत कधीकधी संधिवात असलेली एक सहकारी बोलते. ती फक्त कालचा दिवस सांगते. सकाळी उठल्यावर दीड तास बोटं वळत नाहीत, अकराला ती सगळ्यांसारखी दिसते, चारला बाटलीचं झाकण उघडत नाही. "अकराला मला पाहणाऱ्याला वाटतं मी नाटक करते," असं ती म्हणते तेव्हा सभागृहात हालचाल थांबते. मग ती एकच मागणी सांगते: सकाळच्या बैठका दहानंतर ठेवा. तुमचा आजार डोळ्यांना दिसत नसेल तर असा घड्याळ लावून एक दिवस सांगा.

अधिकाऱ्यांकडे जाताना

१९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका आरोग्य परिषदेत एड्स झालेल्या काही लोकांनी व्यासपीठावर जाऊन एक निवेदन वाचलं. आम्हाला बळी म्हणू नका आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या, असं त्यात होतं. आज रुग्णांचे प्रतिनिधी समित्यांवर दिसतात, त्यामागे त्यांचं ते उभं राहणं आहे.

माझी मागणी खूपच लहान होती. पोटावर पिशवी असलेल्या माणसाला ती सार्वजनिक संडासात बदलावी लागली तर सामान ठेवायला जागा नसते. मी एका रुग्णालयाच्या संडासात पिशवीची क्लिप दातात, कात्री काखेत आणि ओले कपडे खांद्यावर घेऊन उभी राहिले आहे. मागितलं एवढंच: दाराला एक हूक, एक फळी, झाकणाचा कचऱ्याचा डबा. पत्र एका पानाचं. वर मागणी, मग तीन वाक्यांत कारण, एक फोटो, फळीची लांबी-रुंदी, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. "रुग्णांच्या सोयीकडे लक्ष द्यावं" असं काही लिहिलं नाही, कारण त्यावर "लक्ष दिलं जाईल" एवढंच उत्तर येतं. पहिलं पत्र हरवलं. दुसऱ्याला पोच मागितली. तिसऱ्या वेळी स्वतः जाऊन देखभाल विभागाच्या माणसाला भेटले. त्याचे वडील पिशवी वापरत होते. पाच महिन्यांनी हूक लागला, फळी नंतर. आभाराचं पत्र मी त्याच दिवशी दिलं. ते जरूर द्या, पुढच्या मागणीच्या वेळी तुमचं नाव त्यांना आठवतं.

पैसे कोणी देत असेल तर ते सभेच्या सुरुवातीलाच सांगा. औषध किंवा पूरक आहार विकणाऱ्याच्या खर्चाने मी बोलत नाही. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी लपवू नका.

सभेनंतर

खरं बोलणं सभा संपल्यावर होतं. गर्दी पांगल्यावर कोणीतरी खुर्च्यांपाशी रेंगाळतं. त्यांच्यासाठी अर्धा तास मोकळा ठेवा. कोणी रिपोर्ट पुढे केला तर वाचू नका, तुम्हाला समजत असला तरी. मी म्हणते, "हा रिपोर्ट घेऊन कोणाकडे जायचं ते आपण आत्ता ठरवू," आणि तारीख त्यांच्याच हाताने लिहायला लावते. आपल्या औषधांची नावं सांगू नका. माझ्या स्वतःच्या तपासणीच्या आठवड्यात मी बोलायला जात नाही, आयोजकांना ते आधीच सांगून ठेवते.

आणि शेवटी सगळ्यांना उभं करून एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावते: "डॉक्टर, माझ्या शौचातून रक्त जातंय, इतक्या दिवसांपासून, आणि मला त्याची तपासणी हवी आहे." पहिल्यांदा लोक हसतात, आवाज अर्धवट निघतो. दुसऱ्यांदा नीट येतो. हेच वाक्य छापलेला कागद, दिवसांसाठी जागा रिकामी सोडून, दारापाशी ठेवा. माणसं पन्नास असतील तर कागद सत्तर छापा. बरेच जण स्वतःचा घेऊन पुढे जातात आणि घरच्या कोणासाठी तरी दुसरा न्यायला परत येतात.