प्रकाशझोतातल्या कबड्डीत गती टिपताना

सांगली-मिरज परिसरातल्या गावांत जत्रेच्या निमित्ताने रात्री प्रकाशझोतात कबड्डीचे सामने रंगतात. तेथे कॅमेरा घेऊन बसलेला नवखा छायाचित्रकार बहुधा शटरचा वेग जमेल तितका वाढवतो. १/५०० सेकंदाला चढाईपटू स्पष्ट उमटतो, पण जागच्या जागी गोठल्यासारखा. शिवाय कमी उजेडामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि छायाचित्र दाणेदार होते. हाच वेग १/३० च्या आसपास आणला, तर लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र तेच ठेवूनही आयएसओ ४०० पुरतो आणि धाव धावेसारखी दिसू लागते.

धूसरपणा किती येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा धावणारा खेळाडू १/५०० सेकंदात १ सेंटीमीटर सरकतो, तर १/२५ सेकंदात २० सेंटीमीटर. मैदानावरच्या मेटल हॅलाइड दिव्यांचाही विचार करावा लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात; डोळ्यांना ते जाणवत नाही, मात्र वेगवान शटरला एक छायाचित्र उजळ आणि लगेचचे दुसरे काळवंडलेले येते. १/५० किंवा १/२५ सेकंदात या चढउताराच्या पूर्ण फेऱ्या सामावतात, म्हणून मी १/३० पेक्षा १/२५ पसंत करतो.

बसण्याची जागा लेन्सइतकीच महत्त्वाची आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. बाजूच्या रेषेबाहेर, मध्यरेषेच्या जवळ बसल्यास चढाईपटूचे आत शिरणे आणि परत झेपावणे आपल्यासमोर आडवे घडते. अंतिम रेषेमागे बसल्यास तोच खेळाडू सरळ अंगावर येतो आणि गतीचे पट्टे उमटत नाहीत. तेथून फक्त त्याची डावी-उजवी हालचाल कामी येते.

धावणाऱ्या खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवत छायाचित्र घेणे म्हणजे पॅनिंग. त्यासाठी कॅमेरा हातातच धरायचा असल्यामुळे कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पावले चढाई जेथे संपेल त्या दिशेला वळवून ठेवावीत आणि कंबरेतून फिरावे. नुसती मनगटे फिरवली, तर चौकट वरखाली होते. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवावा, लेन्समध्ये पॅनिंगसाठी वेगळी स्थिरीकरणाची सोय असल्यास ती निवडावी, खेळाडूच्या छातीवर नजर रोखून बटण दाबण्याआधीपासून त्याच्याबरोबर फिरू लागावे आणि शटर मिटल्यावरही क्षणभर फिरत राहावे. चढाई ३० सेकंदांची असते. सुरुवातीची चाचपणी सोडून द्यावी आणि परतीच्या धावेसाठी तयार राहावे. फ्लॅश टाळलेलाच बरा, कारण खेळाडूंच्या डोळ्यांवर तो ऐन पकडीत चमकतो.

याच्या उलटी रीतही आहे, आणि मला तीच अधिक भावते. बचाव करणारे हात धरून, दबा धरून क्षणभर निश्चल उभे राहतात. त्या वेळी गुडघा टेकून, खांबाला पाठ लावून, श्वास रोखून १/१५ सेकंदाला कॅमेरा अजिबात न हलवता छायाचित्र घ्यावे. साखळी स्पष्ट राहते आणि तिच्यासमोरून चढाईपटू धुरासारखा ओढला जातो. मात्र दोन्ही रीतींत चौकटीतले काहीतरी स्पष्ट राहिलेच पाहिजे. सगळेच फरफटले, तर बघणाऱ्याला ती गती वाटत नाही, हात हलला असेच वाटते.

सामन्याआधी सांगलीतल्या विश्रामबागच्या रस्त्याकडेला, पदपथावर उभे राहून संध्याकाळी जाणाऱ्या दुचाकींवर सराव करावा. मैदानावर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक छायाचित्र बरेच वाटते. म्हणून ते मोठे करून बनियनवरचा क्रमांक वाचता येतो का, ते पाहावे आणि मगच वेग आणखी उतरवावा.