लग्नाचं मॅनेजमेंट करताना सगळं स्वतःच्याच हातात ठेवताय? या चुका टाळा

लग्नाच्या दिवशी प्लॅनरचा फोन सतत वाजतोय, टीममधली पोरं त्याच्याच आजूबाजूला घुटमळतायत आणि ‘मॅडमना विचारून सांगतो’ हे वाक्य जो तो ऐकवतोय, असं दिसलं की समजावं, त्या कार्यालयात माणसं कमी पडलेली नाहीत. कामं वाटली गेलीत, निर्णय वाटलेले नाहीत. आपल्या धंद्यात मेहनती माणसांनाच ही सवय लागते, म्हणून ती लवकर ओळखलेली बरी.

‘मी सांगेन तेव्हा काउंटर उघडा’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मराठी लग्नात जेवणाची गर्दी हळूहळू वाढत नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि अर्धा हॉल उठून जेवणाकडे वळतो. आता आचाऱ्याच्या बाजूने बघा. पुऱ्या आधी तळून ठेवल्या तर वातड होतात. मोठ्या कढईतलं तेल तापायला वेळ लागतो, म्हणून गर्दी येण्याच्या थोडं आधी त्याला पहिला घाणा काढायचा असतो. त्याचा माणूस विचारायला येतो, ‘ताई, तळायला घ्यायचं का?’ तुम्ही त्या वेळी स्टेजवर हार शोधताय. उत्तर मिळेपर्यंत कढई थांबते आणि पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांच्या ताटात मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी सगळं असतं, पुरी तेवढी नसते.

इथे आचाऱ्याला परवानगी नको, खूण हवी. आदल्या दिवशीच ठरवून टाका: तिसरं मंगलाष्टक सुरू झालं की पहिला घाणा. भटारखान्याच्या बाजूला एक स्पीकर लावून घ्या, म्हणजे मुहूर्त मागेपुढे झाला तरी त्याला आपोआप कळेल. तुमची गरजच उरणार नाही. हीच पद्धत बाकीकडेही चालते. नवरदेव गेटवर आला की सनईवाल्यांनी वाजवायचं, तुमच्या हाताकडे बघत बसायचं नाही.

प्रत्येक फुलाचा फोटो मागणं

लग्नसराईत फुलांचा भाव एका रात्रीत चढतो. पहाटे पुण्यात गुलटेकडीला किंवा मुंबईत दादरच्या फूल बाजारात उभ्या असलेल्या डेकोरेटरला जागेवर निर्णय घ्यावा लागतो. त्याने फोटो पाठवला आणि तुमच्या ‘ओके’ची वाट बघत थांबला, की चांगला माल दुसरा उचलून नेतो. करार करतानाच लिहून द्या: रंग पक्का, फूल बदललं तरी चालेल. पिवळी शेवंती मिळाली नाही तर पिवळा झेंडू, विचारायला नको. नवरीचा गजरा आणि दोघांचे हार मात्र विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत. जिथे खरंच विचारायला हवं ते वेगळं काढलं की बाकीचं सोडणं सोपं जातं.

पैशांचंही तसंच. जागेवर काम करणाऱ्याच्या हातात थोडी रोकड द्या आणि एक मर्यादा सांगा. त्या आतला खर्च त्याने करायचा, पावती ठेवायची. एक्स्टेंशन बोर्ड आणायला तुमची सही लागत असेल तर तो बोर्ड वेळेवर येणार नाही.

मानपान आणि विधी आपल्या वेळापत्रकात बसवणं

कोणाला टोपी-उपरणं द्यायचं, कोणाला आधी बोलवायचं, कोण रुसलंय, हे कुठल्याही एक्सेल शीटमध्ये नसतं. घरातल्या जाणत्या काकांना किंवा आत्याला ते सोपवा: ‘काका, मानाची यादी तुमच्याकडे, ताटं आणि पाकिटं आमची पोरं हातात देतील.’ त्यांना ते काम आवडतंही. गुरुजींशी मात्र आधीच बोला. सकाळी कोणते विधी, मुहूर्तानंतर कोणते आणि प्रत्येकाला साधारण किती वेळ, ते विचारून मगच शीट तयार करा. होम चालू असताना त्यांना घड्याळ दाखवणं बरं दिसत नाही, आणि त्याने विधी लवकर संपतही नाहीत.

सोपवलेलं काम परत ओढून घेणं

स्वागताच्या टेबलावर टीममधल्या मुलीने गुलाबपाण्याची झारी उजवीकडे ठेवली, तुम्ही डावीकडे ठेवली असती. हात लावू नका. पाहुण्यांच्या, विधीच्या किंवा सुरक्षिततेच्या दृष्टीने काही बिघडतंय का? नसेल तर ते तिचं काम. व्हेंडरसमोर तुम्ही तिला दुरुस्त केलंत की तो व्हेंडर तिचं ऐकणं सोडतो, आणि तीही पुढे पेढ्यांचं ताट कुठे ठेवायचं तेसुद्धा तुम्हालाच विचारते.

हे मात्र सोडायचं नाही

विजेचा लोड, जनरेटर, बाहेर पडायचे मोकळे रस्ते, स्टेजजवळचे पायरो (ठिणग्यांचे फवारे) या गोष्टी स्वतः उभं राहून तपासा. उघड्या लॉनवर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ बंदीची आहे. ‘फक्त एक गाणं’ म्हणणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना तोंड द्यायला डीजेच्या पोराला एकटं सोडू नका. तो नाही म्हणू शकत नाही, तुम्ही म्हणू शकता. सकाळपासून पुऱ्या आणि गजरे सांभाळत बसला नसाल, तर त्या वेळी तुमच्या अंगात तेवढं बळही असेल.

एकदम सगळं सोडवत नसेल तर बारसं किंवा डोहाळजेवणासारख्या छोट्या कार्यक्रमात जेवणाचा पूर्ण विभाग एकाकडे द्या आणि दिवसभर तिकडे फिरकू नका. कार्यक्रम झाल्यावर तुमच्या फोनवरचे कॉल आणि मेसेज टीमसोबत बसून चाळा. तुमच्याकडे यायलाच नको होते असे प्रश्न वेगळे काढा आणि प्रत्येकासमोर पुढच्या वेळी उत्तर कोण देणार त्याचं नाव लिहा.