घरी बांधलेल्या शिडाच्या होडीवर क्लीट, पुली आणि सुकाणू कसे बसवावे

मिरर किंवा ऑप्टिमिस्टसारखी प्लायवूडची छोटी होडी कुजायला लागते ती बहुतेक वेळा एखाद्या बोल्टच्या भोकापासून. म्हणून सामान कितीही भारी आणा, खरा वेळ भोकांना द्यायचा.

आधी खरेदी. बोल्टच्या डोक्यावर ‘ए-4’ कोरलेलं असेल तर ते 316 दर्जाचं स्टेनलेस. ‘ए-2’ म्हणजे 304. खाऱ्या पाण्यात त्यावर तपकिरी डाग लवकर येतात. चुंबक लावून हा फरक कळत नाही, दुकानदार काहीही सांगो. पितळी स्क्रू दिसायला देखणे असतात, पण समुद्राचं पाणी त्यातलं जस्त खातं आणि ते ठिसूळ होतात. तलावापुरते एकवेळ चालतील.

ड्रिल हातात घेण्यापूर्वी वारा पडलेला असताना होडी अंगणात ठेवा, डोलकाठी उभी करा, शीड चढवा आणि आत जाऊन बसा. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाची दोरी. दोरी जिथे सहज ओढता आणि सोडता येते तिथेच पेन्सिलीने खूण करा. नकाशातली जागा तुमच्या हाताच्या लांबीला जुळेलच असं नाही. दोन शिंगांचा क्लीट, म्हणजे दोरीचे वेढे घालून ती अडकवायची खुंटी, दोरीच्या रेषेत सरळ न बसवता साधारण 15 अंश तिरका बसवा, म्हणजे वेढे एकमेकांत अडकत नाहीत.

आता भोक. 5 मिमी बोल्टसाठी 10 मिमीचं भोक पाडा आणि खालून चिकटपट्टी लावा. आतल्या उघड्या लाकडाला आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) पाजा, मग सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध 5.5 मिमीचं भोक पाडा. बोल्टभोवती आता सगळीकडून इपॉक्सी आहे. पाणी झिरपलंच तरी प्लायला लागत नाही. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो साध्या पाण्याने घासून धुवा.

भोकाचं वरचं तोंड मोठ्या बिटने किंचित पसरट करा. त्या खळग्यात पॉलियुरेथेन सीलंट साचून बोल्टभोवती कडं तयार होतं. खालून 6 मिमी प्लायचा तुकडा आणि रुंद वॉशर हवाच, नाहीतर जोराच्या झोतात क्लीट डेकसकट उपटला जाईल. आवळताना बोल्टचं डोकं पेचकसने स्थिर धरा आणि खालचा नट पान्याने फिरवा. बोल्ट फिरला की सीलंटचं कडं तुटतं.

अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेसचं सामान थेट टेकवू नका. मध्ये प्लॅस्टिकची पातळ चकती किंवा गंजरोधक पेस्ट हवी, नाहीतर अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते.

सुकाणूच्या दोन्ही कड्यांतून एक सरळ सळई घाला आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीच्या मध्यापर्यंत सुतळी ताणून ती मधोमध येते का बघा. सुकाणूच्या ज्या दोन खुंट्या या कड्यांत बसतात त्यातली खालची वरच्यापेक्षा थोडी लांब ठेवा. पाण्यात हेलकावे खाताना दोन्ही एकदम बसवणं म्हणजे शिक्षाच. वर अडकवणारी खिट्टीही लावा, कारण होडी उलटली की लाकडी सुकाणू निसटून तरंगत जातो.

सीलंट वाळल्यावर डेकवर नळीने पाणी मारा आणि खालून प्रत्येक नटाला कोरडा टिश्यू लावा. ओला झाला तर तेवढाच बोल्ट काढून पुन्हा बसवा. बोल्टांची बाहेर आलेली टोकं कापून घासा आणि टोपीचे नट लावा, गुडघे त्यांच्यावरच आपटतात.