दिवा आधी उलटा करून बघा

जुनी समई हातात आली की माणूस उजेडात नेऊन वरचा मोर न्याहाळतो. ती खरंच जुनी आहे का ते बघायला मी ती उलटी करतो. सांगलीत लेथवर तीस वर्षं काढली, त्यामुळे माझी नजर मोराआधी आट्यांवर, म्हणजे भाग फिरवून बसवायच्या स्क्रूसारख्या खाचांवर जाते.

समई एकसंध नसते. बैठक, दांडा, तेलाचं ताट आणि वर मोर किंवा कळस, असे भाग आट्यांवर बसवलेले असतात. ते सगळे सोडवा. दुकानदार सोडवू देत नसेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. हाताने पाडलेले आटे कधी सारखे येत नाहीत, एक खोल तर दुसरा उथळ. शिवाय दर सणाला समई सोडून घासून पुन्हा लावलेली असते, त्यामुळे आट्यांच्या कडा गोल होतात आणि दांडा जरासा डुलतो. यंत्रावरचे नवे आटे बोटाला टोचतात. माझ्याकडच्या दोन समया दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचा दांडा दुसरीच्या बैठकीत दीड फेऱ्याच्या पुढे जात नाही. जोडी घेताना हे करून बघाच. दोन्हींचे भाग एकमेकींत गुळगुळीत बसले तर मला तरी शंका येते.

मग बैठकीची खालची कड. फरशीवर सरकून सरकून पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना जातात आणि मधे चकचकीत गुळगुळीत पट्टा तयार होतो. पॉलिश पेपरने मुद्दाम झिजवलेल्या कडेवर रेघा एकाच दिशेने पळतात. भिंग आणि खिशातली बॅटरी एवढं पुरतं. लोहचुंबकही ठेवा, पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड लगेच चिकटतं.

काळेपणावर मात्र भरवसा ठेवू नका. काळं आणि हिरवं करणं फार सोपं आहे: नवसागर, मीठ, काहीतरी आंबट आणि आठवडाभर ओलं पोतं. तो हिरवा रंग ओल्या फडक्याला लागतो. बुटाच्या पॉलिशचा वास आला तर बोलायलाच नको. आणि आमच्या गावाची अडचण वेगळीच. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरांतून कित्येक दिवस हटलं नव्हतं. नंतर माळ्यावरची, देवघरातली भांडी गाळासकट मोडीत गेली. त्यातली वीस वर्षांची समईही आज शंभर वर्षांची वाटते, कारण गाळ आट्यांतही बसलाय. तिथे कोणी फसवलेलं नसतं, पण वयाचा हिशेब चुकतोच.

खरी साक्ष वातीपाशी मिळते. करडईचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं. वर्षानुवर्षं साठलेलं कीट वार्निशासारखं कडक आणि तांबूस दिसतं, नखाने निघत नाही. मुद्दाम धरलेली काजळी बोटाला लागते. वात सारायला काडी फिरते, तिथे ताटाचं तोंड किंचित खोलगट झालेलं असतं. सगळीच तोंडं सारखी झिजलेली असतील तर थांबा. घरात रोज एकच वात जळते, पाचही सणावारीच.

लामणदिव्यात मी स्वतः फसलोय. दिवा खरा होता, साखळी नवी. टांगलेल्या साखळीच्या कड्या जिथे एकमेकींवर टेकतात तिथे आतून बारीक होतात. माझ्या कड्या सगळीकडे सारख्या जाड होत्या आणि मी पैसे मोजून आलो होतो. ही अजून ऐकवते.

नाव घातलेलं असेल तर ठोक्यांची टिंबं पाहा. हातोडीची टिंबं कमी-जास्त खोल असतात, विजेच्या यंत्राची सगळी सारखी. मोडी अक्षरं दिसली की भाव वाढतो, म्हणून मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय त्याचे जादा पैसे देऊ नका.

कंदिलाचं गणित निराळं. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 साली, औंध संस्थानने दिलेल्या जागेवर, काच कारखाना उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्याकडे घरोघरी होता, म्हणून मी तोच जमवतो. परदेशी डीट्झ कंपनीच्या कंदिलावर छापलेलं साल बहुधा पेटंटचं असतं, बनावटीचं नव्हे. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर कंदील 1949नंतरचा. बाजूच्या नळ्यांतून हवा फिरवायची युक्ती जॉन आयर्विन नावाच्या अमेरिकनाची. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाचा आयर्विन वेगळा, तो व्हाइसरॉय. टाकी, बर्नर आणि काच एकाच घराण्याची आहे का ते बघा, तिथे भेसळ जास्त.

शंभर वर्षांपुढची वस्तू 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आहेर द्यायचा तर नवी समई द्या.

घरी आणल्यावर चिंचेने घासू नका. आंबटाने जस्त निघून पितळ गुलाबी पडतं आणि कीट गेलं की पुरावाही गेला. कोरड्या सुती फडक्याने पुसा. मग ताटात तेल घालून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. गळती असेल तर सकाळी कागदावर दिसते.

गळती थांबवायला पूर्वी कुणी डाग दिलेला, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवलेलं असेल तर तो काढू नका. माझ्याकडची सगळ्यात जुनी समई साताऱ्याहून आली, तिच्या ताटाला तीन डाग आहेत, तिन्ही वेगवेगळ्या हातांचे. विकणारा त्यापायी भाव कमी करत होता. मी गप्प बसून पैसे दिले.